बीबीसीची वेबसाइट कुणाकुणाच्या उपयोगी पडते, आणि आपण सह्याद्रीकडे काय मागावं?

टेम्सकाठ (धागाकर्ती)

मालिकांवर, बातम्यांच्या वाहिन्यांवर इथे पुष्कळ चर्चा होते. त्या वाहिन्यांच्या वेबसाइटबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे टीव्ही पाहायचा तर लायसन्स फी भरावी लागते; एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली. सप्टेंबर २०१६ पासून नियम असा, की घरात टीव्हीच नसला, नुसते बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर कार्यक्रम पाहत असलात, तरी फी भरायचीच. म्हणजे बीबीसीची वेबसाइटही लोकांच्याच पैशांवर उभी आहे. तिथे आपल्याला काय मिळतं हे विचारायचा प्रत्येकाला हक्क आहे.

आयप्लेअर बहुतेकांना ऐकून माहीत असतो. तो २००७ च्या नाताळच्या दिवशी रीतसर सुरू झाला. तेव्हा हुकलेला कार्यक्रम सात दिवसांत पाहून घ्यावा लागे, मग तो काढून टाकत. पुढे ही मुदत तीस दिवसांची झाली आणि २०१९ मध्ये नियामक संस्थेने, म्हणजे ऑफकॉमने, बहुतेक कार्यक्रम वर्षभर ठेवायला परवानगी दिली.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. सांकेतिक भाषेतला दुभाषी दाखवणारे कार्यक्रम टीव्हीवर बहुतेक मध्यरात्रीनंतर लागतात. कामावर जाणाऱ्या कर्णबधिर माणसाने ते पाहायचे कधी? आयप्लेअरवर त्यांचा स्वतंत्र विभाग आहे, दुपारी जेवताना पाहा की रविवारी सकाळी. दृष्टिहीनांसाठी तसाच दुसरा विभाग आहे. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज सांगत राहतो.

वेबसाइट चांगली की वाईट हे पहिल्या पानावर कुठली मालिका झळकते यावरून ठरवू नये असं माझं मत आहे. ज्यांना वेळेवर टीव्हीसमोर बसता येत नाही, ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्या मुलांची शाळा बुडते, त्यांची तिथे किती सोय आहे ते पाहावं. आपलं सह्याद्री हीसुद्धा लोकांच्या पैशांवर चालणारी वाहिनी. तिच्या वेबसाइटकडे आपण काय मागायचं? लिहा.

---

निफाडकर

चांगला विषय. पण आयप्लेअर भारतात चालत नाही. आमच्यासारख्यांना बीबीसीच्या वेबसाइटचा उपयोग तो काय? मी फक्त मराठीतल्या बातम्या वाचतो.

---

टेम्सकाठ

@निफाडकर, बरोबर. आयप्लेअर ब्रिटनपुरताच आहे, कारण फी इथले लोक भरतात आणि कार्यक्रमांचे हक्कही बरेचदा इथल्यापुरतेच असतात. बाहेरच्या देशांत तीच वेबसाइट उघडली की जाहिराती दिसतात, ते २००७ च्या अखेरीस सुरू झालं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वाचकांसाठी तर काही मजकुराला वर्गणीही लावली. आम्हाला इथे जाहिराती दिसत नाहीत.

तुम्ही वाचता ती बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला गुजराती, पंजाबी आणि तेलुगूबरोबर सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनहून मराठीत रेडिओ प्रसारण होत असे. ते १९५८ मध्ये बंद पडलं. मधली जवळजवळ साठ वर्षं मराठी नव्हतीच. आणि परत आली ती रेडिओवर न येता थेट वेबसाइट आणि मोबाइलवर आली. २०२४ पासून बीबीसीच्या भारतीय भाषांतल्या सेवांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतातली वेगळी कंपनी पाहते, कारण डिजिटल बातम्यांमध्ये परदेशी गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आली.

---

कर्णिका_पुणे

मला ऐकायला खूप कमी येतं, दोन्ही कानांत यंत्र आहे. त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बहिणीकडे लेस्टरला राहिले होते तेव्हा पहिल्यांदा बीबीसीची सबटायटल नीट पाहिली. आपल्याकडे खाली पांढऱ्या अक्षरांत वाक्यं येतात, कोण बोलतंय ते आपण ओठांवरून ताडायचं. दोघांची पाठ असली की संपलं. तिथे माणसागणिक रंग आहे: पांढरा, पिवळा, निळसर, हिरवा. एका प्रसंगात पिवळा रंग एका बाईला दिला की ती पडद्याबाहेरून बोलली तरी अक्षरं पिवळीच येतात. दाराची बेल वाजली तर ते ठळक मोठ्या अक्षरांत लिहून येतं. गाणं सुरू झालं की ओळीच्या आधी एक चिन्ह येतं, म्हणजे हे बोलणं नसून गाणं आहे हे कळतं. आमच्यासारख्यांना गोष्ट कळणं आणि न कळणं यातला फरक एवढ्याशा गोष्टींत असतो. त्या रात्री मी एक गुन्हेकथा कुणालाही मध्ये "काय म्हणाला?" असं न विचारता शेवटपर्यंत पाहिली.

ही पद्धत जुनी आहे. वेबसाइटच्या आधी सीफॅक्स नावाची सेवा होती, १९७४ पासून, टीव्हीच्या पडद्यावरच अक्षरांची पानं येत. सबटायटलसाठी ८८८ नंबरचं पान लावायचं. सीफॅक्स ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद झाली, पण तिथे घडलेली रंगांची रीत आयप्लेअरवर तशीच आली. २००८ पर्यंत मुख्य वाहिन्यांवरचे सगळे कार्यक्रम सबटायटलसह देण्याचं लक्ष्य त्यांनी गाठलं. थेट प्रक्षेपणातसुद्धा सबटायटल असतात: एक माणूस कानाला हेडफोन लावून ऐकलेलं सगळं स्वच्छ, सपाट आवाजात पुन्हा बोलतो, विरामचिन्हांसकट, आणि संगणक त्याचं बोलणं लिहून काढतो. म्हणून काही सेकंद उशीर होतो आणि मधूनच एखादा शब्द भलताच येतो. तरी चालतं.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये कर्णबधिरांसाठी टीव्हीचे मानकही काढले. सह्याद्रीकडे माझी पहिली मागणी हीच. मराठी कार्यक्रमाला मराठी सबटायटल, टीव्हीवर आणि वेबसाइटवरही.

---

चिंचेचा_पार

@कर्णिका ताई, फार मोलाचा प्रतिसाद.

यात एक जोडतो. मराठी कार्यक्रमाला मराठीच सबटायटल दिली तर फायदा फक्त कर्णबधिरांना होत नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हीच कल्पना लावून धरली, की चित्रगीतांच्या खाली त्याच भाषेत ओळी दाखवा, जेमतेम वाचता येणारी माणसं गाण्याबरोबर वाचत वाचत सरावतील. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गीतांपासून सुरुवात झाली. माझ्या मते ही दूरदर्शनच्या इतिहासातली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत मोठी गोष्ट आहे.

---

कोडकर्मी

विरोधी सूर लावतो, राग नसावा.

मी व्हिडिओ वितरणाच्याच क्षेत्रात काम करतो. आयप्लेअरसारखं काही उभारणं हा खर्चिक मामला आहे. बीबीसीलाही ते सहज जमलं नव्हतं. त्यांची पहिली आवृत्ती डाउनलोड करून पाहायची होती आणि ती फक्त विंडोजवर चाले. त्यावरून मॅक आणि लिनक्सवाल्यांनी मोठं रान उठवलं. फ्लॅशमधून थेट ब्राउझरमध्ये दिसायला लागलं तेव्हा कुठे लोकांनी ते उचललं.

सह्याद्रीचे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. प्रसार भारतीच्या अभिलेखागाराचंही यूट्यूब चॅनेल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने वेव्हज नावाचं ओटीटीही सुरू केलं. गावोगावी लोकांच्या फोनमध्ये यूट्यूब आधीपासून आहे, ते वापरायला कुणाला शिकवावं लागत नाही. मग वेगळ्या वेबसाइटचा आग्रह कशाला?

---

निफाडकर

यूट्यूबला अनुमोदन. घरी एका खासगी वाहिनीचं ॲप घेतलं होतं. आईला तिची मालिका लावायची तर आधी मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग "तुमच्यासाठी खास" म्हणून वीस भलत्याच मालिका. ओटीपी वाचायला चष्मा शोधेपर्यंत वेळ संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ती म्हणाली, राहू दे बाबा, रात्री टीव्हीवरच बघते.

---

टेम्सकाठ

@कोडकर्मी, राग कसला, चर्चा व्हावी म्हणूनच धागा काढला. व्हिडिओ यूट्यूबवर असायला माझा काहीच विरोध नाही. माझा मुद्दा व्हिडिओच्या भोवती जे लागतं त्याचा आहे. एखादा कार्यक्रम कधी झाला, त्यात कोण होतं, लेखन कुणाचं, त्याच विषयावर आणखी काय आहे, हे यूट्यूबवर कुणीतरी मथळ्यात लिहिलं तरच कळतं. तिथे पुढे काय दाखवायचं हे कंपनीचं गणित ठरवतं. ज्ञानदीपचा भाग संपला की त्यानंतर काय यावं हे दूरदर्शनच्या हातात राहत नाही.

@निफाडकर, लॉगिनचा जाच इथेही आहे. २०१७ पासून आयप्लेअरला खातं लागतं: ईमेल, जन्मतारीख, पोस्टकोड. पोस्टकोडमुळे आपल्या भागातल्या बातम्या मिळतात, पण सत्तरीतल्या माणसाला खातं उघडणं जडच जातं.

याच संदर्भात एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. सीफॅक्स गेल्यावर रिमोटवरचं लाल बटण दाबून बातम्या, हवामान, क्रीडा वाचायची सोय राहिली होती. बीबीसीने ती जानेवारी २०२० च्या अखेरीस बंद करायचं ठरवलं. सगळं वेबसाइटवर आहेच, मग हे कशाला, असा विचार. त्यावर अंध व्यक्तींच्या राष्ट्रीय महासंघाने पुढाकार घेऊन निवेदन दिलं, की वयस्क आणि दिव्यांग माणसांपैकी कित्येकजण इंटरनेट वापरत नाहीत, त्यांचा हा एकच मार्ग आहे. बंद व्हायच्या आदल्या दिवशी बीबीसीने निर्णय थांबवला आणि पुढे ती सेवा चालू ठेवली. वेबसाइट कितीही चांगली केली तरी जुना रस्ता खणून टाकू नये, हे मला त्यातून पटलं.

---

शाळाबाई_फलटण

मी प्राथमिक शिक्षिका आहे. टेम्सकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन.

२०२० च्या जूनमध्ये आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत एकच स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. ऑनलाइन तास घ्या असं आम्हाला सांगितलं जायचं, पण समोर मुलंच नसायची. जुलैमध्ये सह्याद्रीवर टिलीमिली सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मुलांपर्यंत रोज काहीतरी पोचलं. टीव्ही फ्री डिशवर होता, महिन्याचं भाडं नाही. त्यात वर्गात बसवून शिकवणं नव्हतं. घरातले आईबाप, आजी, आजूबाजूच्या वस्तू घेऊन खेळत शिकायचं. एका मुलाच्या आजीने मला फोन करून विचारलं होतं, उद्याच्या भागाला काय सामान लागेल? मी भाग आधी पाहिलेला नसायचा, काय सांगणार?

माझी मागणी इथेच आहे. टीव्हीवर कार्यक्रम असेल, तर त्याचं वेळापत्रक, कुठल्या इयत्तेचा कुठला धडा, लागणारं साहित्य, हे सगळं वेबसाइटवर साध्या मजकुरात आदल्या आठवड्यात हवं. शिक्षक ते छापून फळ्यावर लावतील, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतील. दहा जणांत एकाकडे इंटरनेट असलं तरी नऊजणांचं काम होतं.

---

टेम्सकाठ

@शाळाबाई, तुम्ही जे सांगताय ते इथेही झालं, फक्त उलट्या दिशेने. बीबीसीची बाइटसाइझ ही अभ्यासाची वेबसाइट १९९८ पासून आहे. परीक्षेआधी उजळणीसाठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या ती वापरतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत तिथे रोजचे धडे सुरू झाले. मग लक्षात आलं की इंग्लंडमध्येही कित्येक मुलांकडे लॅपटॉप नाही. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा ११ तारखेपासून धडे टीव्हीवर आणले: सीबीबीसी या मुलांच्या वाहिनीवर सकाळी नऊपासून रोज तीन तास प्राथमिकसाठी, बीबीसी टूवर माध्यमिकसाठी. काही मोबाइल कंपन्यांनी बाइटसाइझ पाहताना डेटा मोजायचा नाही असंही ठरवलं. वेबसाइटवरचं टीव्हीवर गेलं आणि टीव्हीवरचं वेबसाइटवर राहिलं.

---

रवा_लाडू

अवांतर, पण विषयाला धरून. बीबीसीच्या पाककृतींचं विसरू नका! मे २०१६ मध्ये खर्चकपातीत त्यांनी बीबीसी फूडचं संकेतस्थळ बंद करायचं ठरवलं होतं, साधारण ११,००० पाककृती. एका दिवसात लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि पाककृती राहिल्या. लोकांच्या पैशांनी केलेलं काम असं पुसून टाकायला लोक तयार नव्हते, हे मला फार आवडलं होतं.

---

एडिटटेबल

मी संकलक आहे, टीव्हीसाठीच काम करतो. "जुनं सगळं वेबसाइटवर टाका" असं म्हणणं सोपं, पण हक्कांची बाजू सांगतो.

कार्यक्रम वाहिनीने दाखवला म्हणजे तो कायमचा वाहिनीचा झाला असं नाही. पटकथा, मागचं संगीत, कलाकार, वापरलेली चित्रफीत, प्रत्येकाचा करार वेगळा. जुन्या करारांत फक्त प्रक्षेपणाचा उल्लेख असतो, इंटरनेट हा शब्द कुठून असणार? बीबीसीचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून डॉक्टर हू या विज्ञानकथा मालिकेचे आठशेहून जास्त भाग त्यांनी आयप्लेअरवर आणले. पण १९६३ ची अगदी पहिली कथा त्यात नव्हती. तिच्या लेखकाच्या वारसाशी हक्कांबाबत जमलं नाही. शिवाय साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरत. त्या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग आज बीबीसीकडे नाहीतच.

त्यामुळे माझं मत: आधी यादी करा. व्हिडिओचे हक्क सुटायला वर्षं लागतील, पण अमुक तारखेला अमुक कार्यक्रम झाला ही माहिती द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

---

जुनी_साप्ताहिकी

@एडिटटेबल, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. मी ग्रंथालयात काम करते आणि बीबीसी जिनोमचा उल्लेख कधी येतो याची वाट पाहत होते.

जिनोम ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालं. बीबीसीचं रेडिओ टाइम्स नावाचं कार्यक्रमपत्रिकेचं साप्ताहिक १९२३ पासून निघायचं. २००९ पर्यंतचे सगळे अंक स्कॅन करून त्यातली प्रत्येक नोंद शोधता येईल अशी ठेवली, चाळीस लाखांहून जास्त. यंत्राने वाचताना अक्षरं चुकायची, म्हणून वाचकांनाच दुरुस्ती सुचवायची सोय दिली. घरबसल्या लोकांनी नावं दुरुस्त केली. कुणाचे आजोबा १९५० साली वाद्यवृंदात वाजवत होते, त्यांची नोंद नातवंडांना सापडते. व्हिडिओ नसला तरी तो माणूस तिथे होता हे राहतं.

आता आपल्याकडे या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. दुसऱ्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं. आमची माती आमची माणसं, गजरा, ज्ञानदीप, किलबिल, प्रतिभा आणि प्रतिमा. किती लेखक, शेतकरी, शाहीर, शाळकरी मुलं या कार्यक्रमांतून येऊन गेली. पुढच्या आठवड्यात काय आहे ते साप्ताहिकी या कार्यक्रमात सांगत, आणि रोजची कार्यक्रमपत्रिका वर्तमानपत्रांत छापून येई. ते अंक राज्यातल्या जुन्या ग्रंथालयांत बांधीव खंडांमध्ये आहेत. कागद दरवर्षी जास्त ठिसूळ होतोय. पान उलटताना कडा हातात येते. कार्यक्रमपत्रिकेचा चौकोन नेमका आतल्या पानाच्या घडीजवळ असायचा, बांधणीत अर्धा शब्द गेलेला असतो. हे काम आता झालं नाही तर पुढे करायला कागद उरणार नाही.

सह्याद्रीच्या वेबसाइटकडे मला व्हिडिओच्याही आधी हे हवंय.

---

कोडकर्मी

@जुनी_साप्ताहिकी, हे पटलं. यादी हा मजकूर आहे, त्याला सर्व्हरचा खर्च नगण्य. शोधयंत्र मी लिहून देईन. जुन्या वर्तमानपत्री छपाईतलं मराठी यंत्राने वाचणं अवघड आहे, जोडाक्षरं आणि तुटकी शिरोरेषा यांवर ते अडखळतं. सुरुवातीला हातानेच टंकावं लागेल.

---

शाळाबाई_फलटण

उन्हाळी सुटीत मी टंकायला तयार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुने अंक आहेत, विचारून ठेवते.

---

कर्णिका_पुणे

मीही. पुण्यातले खंड मी पाहू शकते. आणि सबटायटलचा अर्ज मी वेगळा करते आहे, मसुदा इथे टाकीन. दुरुस्त्या सुचवा.

---

टेम्सकाठ

हे इतक्या लवकर कामावर येईल असं वाटलं नव्हतं. दोन्ही गोष्टी चालू ठेवू. सह्याद्रीला जे पत्र जाईल त्यात तीनच मुद्दे घेऊ: मराठी सबटायटल, शैक्षणिक कार्यक्रमांचं आगाऊ वेळापत्रक साध्या मजकुरात, आणि १९७२ पासूनच्या कार्यक्रमांची सूची. फार लांबवलं तर एकही धड वाचला जाणार नाही.

---

जुनी_साप्ताहिकी

टंकणाऱ्यांसाठी रकाने ठरवून टाकते, म्हणजे सगळ्यांचं सारखं होईल: तारीख, वार, वेळ, केंद्र, कार्यक्रमाचं नाव, सहभागी, वर्तमानपत्राचं नाव आणि पान. छापलेला मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखनासकट, वेगळ्या रकान्यात. तुमची दुरुस्ती त्यात मिसळू नका, तिच्यासाठी शेवटचा रकाना.

आणखी एक रकाना हवाच: प्रत्यक्ष दाखवलं गेलं का. छापील पत्रिका म्हणजे ठरवलेला कार्यक्रम. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळच्या अंकात संध्याकाळसाठी जे छापलं असेल, ते इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लागलेलं नसणार. जिनोमवरही हीच सूचना दिलेली असते. अशा ठिकाणी दुसऱ्या दिवशीचा अंक पाहून मगच भरा, नाहीतर रिकामं ठेवा.

सुरुवात ऑक्टोबर १९७२ पासून करू. पहिला महिना मी घेते, नोव्हेंबर कोण घेतंय?

---

शाळाबाई_फलटण

नोव्हेंबर माझा.